रेडिओहेड आणि त्यांचं नकोसं झालेलं गाणं

‘क्रीप’ ऐकलं नसेल असा रॉकप्रेमी सापडणं कठीण. १९९२ मध्ये आलेल्या या गाण्याने ऑक्सफर्डच्या रेडिओहेड या बँडला जगभर नाव दिलं, पण थोड्याच काळात त्यांना तेच गाणं नकोसं झालं. कार्यक्रमात लोक फक्त ‘क्रीप’ मागायचे. त्या वैतागातून त्यांनी ‘माय आयर्न लंग’ लिहिलं. आयर्न लंग म्हणजे श्वास चालवणारं यंत्र; ज्या यंत्रावर जगतोय त्याचाच जाच, असा त्याचा सूर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तर त्यांनी ‘क्रीप’ वाजवणं जवळपास सोडूनच दिलं.

कोरसआधीचे गिटारचे ते खडखडीत फटके आठवतात? बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुडला गाणं फारच मिळमिळीत वाटलं, म्हणून त्याने ते बिघडवायला मारले होते. लोकांना नेमके तेच आवडले!

पुढे राग निवळला. २०१६ च्या दौऱ्यात गाणं परतलं आणि २०२१ मध्ये बँडचा गायक थॉम यॉर्कने स्वतःच त्याची संथ, विचित्र आवृत्ती काढली. मला ती मूळ गाण्याइतकी भावत नाही, हे आपलं माझं मत.

स्वतःचं जुनं गाणं पुन्हा गाणाऱ्या गायिका जोनी मिचेलची गोष्ट वेगळी. ‘बोथ साइड्स नाऊ’ तिने विशीत लिहिलं, १९६९ मध्ये स्वतःच्या अल्बममध्ये गायलं आणि २००० मध्ये वाद्यवृंदासह, खोल गेलेल्या आवाजात पुन्हा गायलं. शब्द तेच, पण आता ते तिला शोभतात. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐका आणि कुठली आवडली ते कमेंटमध्ये सांगा.