हुंडणावळ : परमुलखातल्या पैशाची मजुरी

शिवणाऱ्याला शिवणावळ, दळणाऱ्याला दळणावळ, धुणाऱ्याला धुणावळ. याच चालीवर मराठीत ‘हुंडणावळ’ हा शब्द घडला आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या व्यापारी पानांवर तो विनिमयाच्या दरासाठी सर्रास छापला जाई. आज तो मागे पडला आहे. पण या शब्दाने एक गोष्ट उघड मान्य केली होती. एका गावचा पैसा दुसऱ्या गावी पोचवणे हे काम आहे, आणि कामाला मजुरी असते. विमानतळावर ‘विना कमिशन’ अशी पाटी लावून बसलेल्या दुकानदाराने हे मान्य करायचे सोडून दिले आहे. आजच्या प्रवाशाचे नुकसान होते ते बहुतेक या मौनामुळेच.

पेशवाईत काशीला निघालेला माणूस देशाबाहेर जात नसे, पण पैशाच्या दृष्टीने तो परदेशातच जाई. पुण्यात अंकुशी रुपया, नाशिकच्या बाजूला चांदवडी, पुढे आणखी निराळे. प्रत्येकाचे वजन वेगळे, चांदीचा कस वेगळा, आणि पेठेत त्याला मिळणारा मानही वेगळा. परके नाणे समोर आले की सराफ ते वाजवून, पारखून घेई आणि त्यावर बट्टा कापी. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण म्हणतो, तो बट्टा मूळचा नाण्याला लागलेला. वाटेत चार मुलूख लागले तर चार वेळा बट्टा. शिवाय कमरेच्या कशात रोकड बांधून चालायचे म्हणजे चोराची भीती होतीच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. झाशीच्या लुटीत कमाई गमावून त्यांनी घरी आणली ती गंगेची कावड. त्यांचे प्रवासवर्णन १९०७ साली छापले गेले. रोकड जवळ बाळगण्याचा धोका समजून घ्यायला त्याइतके चांगले पुस्तक मला मराठीत ठाऊक नाही.

यावरचा उपाय म्हणजे हुंडी. पुण्याच्या सावकाराकडे रुपये भरायचे आणि काशीतल्या त्याच्या आडत्याच्या नावे चिठ्ठी घ्यायची. दाखवताच पैसे मिळाले तर ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी मिळाले तर मुदती. तिच्या लिखाणात एक गमतीची सावधगिरी असे : शंभर रुपयांच्या हुंडीत ‘निमे पन्नास, त्याचे दुप्पट पुरे शंभर’ अशा अर्थाचे शब्द घालत, म्हणजे आकड्यापुढे शून्य चढवून लबाडी करायला जागाच नाही. हुंडी हरवली तर तिची ‘पैठ’ म्हणजे दुसरी प्रत मिळे, तीही हरवली तर ‘परपैठ’. शाहजोग हुंडीचे पैसे पेठेतल्या पतवान व्यापाऱ्यालाच मिळत, त्यामुळे वाटमाऱ्याला ती परभारे वटवणे अवघड होते. कार्ड बंद करण्याची आणि गुप्त क्रमांकाची सोय आपण नवी समजतो. तिचे काम त्या काळी पेठेतली ओळख करत असे.

आता हुंडणावळ किती, हा प्रश्न. ती ठरलेली नसे, आणि इथेच या विषयाची किल्ली आहे. पुण्याच्या सावकाराची काशीत रक्कम पडून असेल आणि त्याला पुण्यात रुपये हवे असतील, तर यात्रेकरू आपणहून त्याची अडचण दूर करतो. हुंडी स्वस्त पडते. उलट सगळा गाव एकाच हंगामात काशीला निघाला तर ती महागते. पैसे प्रत्यक्ष कुठे जातच नाहीत. दोन गावांतली देणी-घेणी एकमेकांत वळती होतात आणि उरलेल्या फरकापुरतीच रोकड हलते. बारामतीचे बाबूजी नाईक जोशी यांच्यासारखे सावकार पेशव्यांना कर्ज देत, ते अशाच पतीच्या जोरावर. इंग्रजांनी १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हाही देशी भाषांतल्या अशा कागदांचे स्थानिक रिवाज त्यांनी पहिल्याच कलमात शाबूत ठेवले.

युरोपात हीच सोय थॉमस कुकने १८७४ पासून आपल्या प्रवाशांना देऊ केली आणि अमेरिकन एक्स्प्रेसने १८९१ मध्ये प्रवासी धनादेश काढले. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची इतकी टंचाई झाली की सत्तरच्या दशकात अमेरिकेला निघालेल्या विद्यार्थ्याच्या खिशात आठ डॉलर असत. ‘आठ डॉलर घेऊन आलो’ हे वाक्य परदेशातल्या किती मराठी घरांत ऐकू येते! तेव्हा स्वस्त-महाग हा प्रश्नच नव्हता, मिळणे हाच प्रश्न होता. २००४ साली रिझर्व्ह बँकेने व्यक्तींसाठी मुभा दिली ती वर्षाला पंचवीस हजार डॉलरची. आज ती अडीच लाख आहे. टंचाई संपली आणि हुंडणावळीचा प्रश्न परत आला.

समजा, फिरंगाईच्या कुरकुंभमधल्या औद्योगिक वसाहतीतला एक रसायन अभियंता फ्रँकफुर्टला निघाला आहे. तिथे दर तीन वर्षांनी रासायनिक यंत्रसामग्रीचे ‘आखेमा’ प्रदर्शन भरते. त्याला खर्चासाठी पाचशे युरो रोख हवेत. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक युरो शंभर रुपयांना धरू, म्हणजे पन्नास हजार रुपये. शहरातल्या परवानाधारक चलनविक्रेत्याने बाजारभावावर दीड टक्का लावला तर साडेसातशे रुपये गेले. वस्तू व सेवा कर नव्वद रुपये. मात्र पन्नास हजार किंवा त्याहून अधिक रकमेचा रोख भरणा चालत नाही, ती खात्यातून द्यावी लागते. तिथे जाऊन नेहमीच्या डेबिट कार्डाने काढले तर अनेक बँका साडेतीन टक्के अधिभार लावतात आणि त्या अधिभारावर अठरा टक्के कर, मिळून ४.१३ टक्के, म्हणजे दोन हजार पासष्ट रुपये. पैसे काढण्याचे शुल्क निराळे. हा अधिभार न लावणारी कार्डेही काही बँका देतात आणि ज्याच्याकडे तसे आहे त्याच्यासाठी तिथले यंत्रच बहुधा सर्वांत स्वस्त पडते. क्रेडिट कार्डाने रोख काढणे मात्र टाळावे. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते.

दुकानाचा दर पारखायची एक सोपी रीत आहे. फळ्यावर खरेदी ९६ आणि विक्री १०४ असेल, तर खरा भाव मध्ये कुठेतरी शंभरच्या आसपास आहे आणि दुकानदार दर खेपेला चार टक्के घेतो आहे. मग पाटीवर कमिशन शून्य लिहिले काय अन् न लिहिले काय! दोन आकड्यांतले अंतर हाच बट्टा. विमानतळावर ते अंतर रुंद असते, कारण तिथे गिऱ्हाईक अडलेले असते.

सर्वांत फसवी जागा यंत्राच्या पडद्यावर आहे. कार्ड भारतीय आहे हे ओळखून यंत्र आदबीने विचारते : रक्कम रुपयांत वळती करून देऊ का? अनोळखी शहरात रुपयाचा आकडा दिसला की बरे वाटते आणि बोट ‘हो’कडे जाते. पण ‘हो’ म्हणताच दर ठरवतो तो यंत्राचा मालक. आठ टक्के लावले तर पाचशे युरोंवर चार हजार रुपये जातात आणि आपली बँक वर आपले काही लावू शकते ते वेगळेच. उत्तर नेहमी ‘नाही’ असावे, पडद्यावर ‘रूपांतराशिवाय’ असे काही असेल ते दाबावे. पैसे तरीही मिळतात. दर आपल्या कार्डाचा लागतो. दुकानात कार्ड दिल्यावरही हाच प्रश्न येतो आणि तिथेही हेच उत्तर. युरोपीय संघाने २०२० पासून हा अधिभार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत टक्केवारीत दाखवणे बंधनकारक केले. म्हणजे मजुरीला पुन्हा आकडा मिळाला. वाचणारे किती, हा भाग वेगळा.

ठोक शुल्काचे गणित निराळे. थायलंडमधली बहुतेक यंत्रे परदेशी कार्डावर दर खेपेला सुमारे २२० बाट घेतात. दोन हजार बाट काढले तर अकरा टक्के, वीस हजार काढले तर एक टक्क्याच्या जरा वर. म्हणून तिथे थोडे-थोडे काढणे महाग. एकदाच काढून दोन ठिकाणी ठेवावे. आणि घरून निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करावा. २०२० पासूनच्या नियमाने नव्या कार्डावर तो मुळात बंदच असतो आणि हे परक्या स्टेशनावर रात्री कळणे फार वाईट.

आता तो प्रश्न, जो लोक हळू आवाजात विचारतात. भाचा तिकडे आहेच. त्याने आपल्याला युरो द्यावेत आणि आपण इकडे त्याच्या आईला रुपये द्यावेत. हुंडणावळ शून्य! व्यवहार म्हणून ही शुद्ध हुंडी आहे, दोन गावांतली देणी वळती करणारी. पण आजच्या परकीय चलन कायद्यात अशी परभारे केलेली अदलाबदल बसत नाही; हाच व्यवहार मोठ्या प्रमाणावर आणि अनोळखी लोकांत झाला की त्याला हवाला म्हणतात. भाच्याने मामाचा राहण्या-जेवण्याचा खर्च उचलला तर तो पाहुणचार, त्याला हरकत नाही. परतफेड ठरवून केली की हरकत. मला ही रेघ घरगुती व्यवहारासाठी जरा कडक वाटते, पण रेघ आहे आणि ती माहीत असलेली बरी.

नोटांच्या रूपात एका प्रवासाला साधारणपणे तीन हजार डॉलरपर्यंतच नेता येतात. बाकीची रक्कम प्रवासी कार्डावर. त्या कार्डात युरो भरून झुरिकला फ्रँकमध्ये खर्च केला तर तिथेही रूपांतराचा अधिभार लागतो, म्हणून जिथे जायचे तिथलेच चलन भरावे. परतल्यावर दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, त्यावरच्या एकशे ऐंशी दिवसांत परत करायच्या. नाण्यांना अशी मर्यादा नाही, पण ती बदलून देणारा विक्रेताही सहसा सापडत नाही. तेव्हा परतीच्या विमानाआधीची शेवटची कॉफी सुट्ट्या नाण्यांनीच घ्यावी.