स्पॅनिश भविष्यकाळाचा कारभार
कुंडलिकेकाठच्या नवीन जालन्यात घड्याळ न पाहता 'तीन वाजले असतील' म्हणणारा गृहस्थ भविष्यकाळाचे रूप वर्तमानाच्या तर्कासाठी योजतो, हे त्याच्या ध्यानीही नसते; स्पॅनिश भाषकही त्या प्रसंगी 'सेरान लास त्रेस' असेच भविष्यरूप वापरतो. रूपे घडवताना मराठीत सकर्मक 'करील' आणि अकर्मक 'बसेल' असा भेद आहे (अलीकडे तो बेदरकारपणे मोडला जातो, ते असो). स्पॅनिशमध्ये मात्र आर, एर, ईर या तिन्ही गणांच्या नियमित क्रियापदांना, मूळ रूपाची यत्किंचितही काटछाट न करता, ए, आस, आ, एमोस, एइस, आन हेच प्रत्यय सरसकट लागतात : आब्लारे म्हणजे मी बोलेन, कोमेरे म्हणजे मी खाईन, बिबिरे म्हणजे मी राहीन. हे प्रत्यय 'आबेर' या साहाय्यक क्रियापदाचे अवशेष होत, ही नोंद स्पॅनिश व्याकरणकार नेब्रिखाने १४९२ च्या आपल्या व्याकरणातच केली आहे.