चाच्यांची राणी सौदामिनी: ‘अमर ज्योती’ची जाहिरात आणि तिचं मोल

अप्पा बळवंत चौकाजवळ, बुधवार पेठेत, इंदूरच्या सरदार किबे यांची वास्तू आहे. प्रभात फिल्म कंपनीने ती भाडेकराराने घेतली आणि १९३४ साली तिथे ‘प्रभात’ चित्रपटगृह सुरू झालं. २०१४ अखेर करार संपला, तोवर पुणेकरांच्या कित्येक पिढ्यांनी त्या पडद्यावर सिनेमा पाहिला. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यात आलेली ही कंपनी स्टुडिओच्या आवारात चित्रपट घडवी आणि पेठेतल्या आपल्या थिएटरात प्रेक्षकांना बोलावी.

याच कंपनीसाठी १९३६ साली व्ही. शांताराम यांनी ‘अमर ज्योती’ हा हिंदी बोलपट काढला. तलवारी, लुटलेली जहाजं, चाचेगिरी, सगळं त्यात आहे. मात्र चाच्यांची पुढारी बाई आहे. सौदामिनीला तिच्या राज्याचा कायदा पोटच्या मुलाचा ताबा नाकारतो, आणि ती समुद्रावर जाऊन त्या राज्याशी लढाई मांडते. हॉलिवूडमध्ये एरॉल फ्लिनचा ‘कॅप्टन ब्लड’ आदल्याच वर्षी आला होता आणि मुंबईत वाडिया मूव्हिटोनची नादिया ‘हंटरवाली’तून प्रेक्षकांना चकित करत होती. तरी लढाईचं कारण न्यायालयाच्या दारात शोधणारा असा साहसपट त्या काळी विरळाच होता, असं मला वाटतं.

असा चित्रपट लोकांपर्यंत नेणं ही प्रभातची खरी हातोटी. प्रभातच्या संस्थापकांपैकी दामले, फत्तेलाल, शांताराम हे तिघेही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले होते. बाबूराव पेंटर यांनी मूकपटांच्या दिवसांतच आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली, प्रेक्षकांसाठी माहितीपत्रकं छापली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ मधलं पोस्टर आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी एक मानलं जातं. जाहिरातीला चित्रकलेचा मान देण्याचा हा वारसा त्यांच्या शिष्यांनी पुण्यात आणला. थिएटरवर हाताने रंगवलेले भव्य फलक, भिंतींवर पोस्टरं, आणि कथासार व गाणी छापलेली पुस्तिका ही त्या काळच्या चित्रपटांच्या जाहिरातीची मुख्य साधनं. पुस्तिका घरोघरी जाई, आणि ‘अमर ज्योती’चे संगीतकार मास्टर कृष्णराव यांच्या चालींचा गोडवा चित्रपटाबाहेरही पसरे. तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचं प्रभातचं बोधचिन्हच मुळात एक उत्तम जाहिरात होतं.

जाहिरातीतलं सगळ्यांत वजनदार नाव दुर्गा खोटे यांचं. सुशिक्षित, सुखवस्तू घरातल्या या बाईंनी चित्रपटात येण्याचं धाडस केलं, ‘अयोध्येचा राजा’ने त्यांना नाव दिलं, आणि सौदामिनीच्या भूमिकेत त्यांचा आवाज व ताठ चाल जहाजाच्या डेकवर शोभून दिसली. समोर न्यायमंत्री दुर्जय म्हणून चंद्रमोहन होते, ज्यांच्या डोळ्यांनी ‘अमृतमंथन’मध्ये प्रेक्षकांना आधीच धाक घातला होता. कथा के. नारायण काळे यांची. ते ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या मंडळीतले चोखंदळ रंगकर्मी, आणि चित्रपटात शेखरही त्यांनीच साकारला. साहसपटाच्या साच्यात स्त्रीच्या हक्काचा प्रश्न घुसवण्यामागे त्यांचा हात होता हे विसरता येत नाही.

हा चित्रपट व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. १९३२ साली सुरू झालेल्या त्या महोत्सवात पुण्यातल्या स्टुडिओची कलाकृती पोहोचली. नंतरच्या इतिहासकारांनी ‘अमर ज्योती’तल्या सजावटीचं आणि नाट्यमय छायाप्रकाशाचं कौतुक केलंच, पण त्याहून अधिक चर्चा सौदामिनीच्या बंडाची केली. माझ्या मते तिचं बंड थेट आजच्या प्रेक्षकाला भिडतं. राजकन्या नंदिनीची, खजिन्याच्या पेटीत दडण्याची आणि पुढे जहाजावरून निसटण्याची कथा त्यामानाने हलकी आहे.

नंदिनी झालेल्या शांता आपटे पुढच्याच वर्षी, १९३७ साली, शांतारामांच्या ‘कुंकू’त नीरा झाल्या. जरठ नवऱ्याशी लग्न लावून दिलेली ही मुलगी तलवार न उचलता घरातच नकार देते.