उंदीर बिथरतो तेव्हा...

मागच्या महिन्यात आमच्या घरातला उंदीर बिथरला. धान्याच्या कोठीतला नव्हे हं, कॉम्प्युटरचा!

गेली सात वर्षं मी घरी बसून एका टॉवेलच्या व्यापाऱ्याची बिलं करते. आमच्या सोलापुरात बायकांचे हात रिकामे नसतात. कुणी विड्या वळतं, कुणी टॉवेलच्या कडा शिवतं, कुणी शेंगाचटणी नि कडक भाकरी करून विकतं. माझ्या वाट्याला माउस आला. पैसे फार नाहीत, पण ते माझे आहेत.

तर त्या आठवड्यात पडद्यावरचा बाण नाचायलाच लागला. लातूरच्या नावावर न्यावा, तर टुणकन उडी मारून नांदेडवर! महिनाअखेर, बिलांचा ढीग, त्यात घाई. एक बिल लातूरऐवजी नांदेडच्या दुकानाच्या नावानं गेलं. मालकांचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, "ताई, झेपत नसेल तर सांगा, दुसरी कुणी बघतो." रागावले असते तर परवडलं असतं.

त्या रात्री मी आपल्या हाताकडेच बघत बसले. पन्नाशी उलटली, हात थरथरायला लागला की काय? स्वयंपाकघरात जाऊन पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला धरून पाहिला. थेंब सांडला नाही. तरी मन काही ऐकेना. "वय झालं आता तुझं," हे आमच्या ह्यांनी चेष्टेत म्हटलं, पण लागलं.

भाच्याला फोन केला, तर तो ड्रायव्हर, व्हायरस असं काय काय बोलला. शेवटी "मामी, नवीनच घे" म्हणाला. सासूबाई लसूण सोलत ऐकत होत्या. म्हणाल्या, "मिक्सर अडला की आधी भांडं उलटं करून बघतीस की. मग ह्याला का न्हाई बघत?"

आणि मला एकदम २००४ सालचा एमएस-सीआयटीचा क्लास आठवला. तेव्हा माउसच्या पोटात रबरी आवरणाची जड गोळी असायची. गोळी फिरली की आतले दोन बारीक रूळ फिरायचे. एक आडवी चाल मोजायचा, दुसरा उभी. त्यात हे यंत्रमागांचं गाव! सुताचा तूस आणि धूळ गोळीबरोबर आत जायची, रुळांवर काळं कडं चढायचं आणि बाण अडखळायचा. सर तळाची चकती फिरवून गोळी काढायला लावायचे आणि आम्ही बायका नखानं ते कडं खरवडायचो. पहिला माउस १९६४ च्या सुमारास अमेरिकेत डग्लस एंगलबर्ट यांच्या कल्पनेतून बनला, तोही म्हणजे एक लाकडी डबी नि खाली दोन चाकं. म्हणजे हा उंदीर जन्मापासून जमिनीवर घासतच चाललेला!

आताच्या माउसला गोळी नाही, म्हणून त्यात अडकणार काय, असं मी धरून चालले होते. खरं तर आता त्याच्या पोटात दिवा नि बारीकसा कॅमेरा असतो. तो खालच्या जागेचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि आधीचा-नंतरचा ताडून किती सरकलो ते ठरवतो. खाली स्वच्छ काच असली तर त्याला खुणाच दिसत नाहीत, मग तो भांबावतो.

माझ्या टेबलावर काच आहे. माउस नीट चालेना म्हणून मीच त्याखाली टॉवेलची घडी घातली होती. मालकांनी दिवाळीला दिलेला, चांगला जाड. सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण ते अंग पुसायला. माउसखाली घालायला नव्हे! उलटा करून बघते, तर दिव्याच्या भोकात टॉवेलचा एक धागा वेटोळं घालून बसलेला. माउस हलला की तोही हलायचा, आणि कॅमेऱ्याला वाटायचं जमीनच सरकली.

वायर काढली, भुवयांच्या चिमट्यानं धागा ओढला, कोरड्या कापसानं भोक पुसलं. पाणी अजिबात लावायचं नाही. टॉवेलच्या जागी मुलीच्या जुन्या वहीचा साधा पुठ्ठा ठेवला. बाण कसा, शहाण्यासारखा!

तुमचा बिथरला तर आधी खालची जागा बदलून बघा. बिनवायरीचा असेल तर सेल बदला. मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथेही नाचला तर दोष माउसचा, नाहीतर तुमच्या मशीनचा. शेजारच्या वहिनींचा माउस एकदा दाबला की दोनदा दाबल्यासारखा करायचा. ते आतलं बटण झिजल्याचं लक्षण. तिथे चिमटा नि कापूस चालत नाही, सरळ नवा घ्यावा लागतो. त्यांनी घेतला.

सकाळी मीच मालकांना फोन लावला. म्हटलं, "मालक, झेपतंय मला. चूक टॉवेलची होती. तुमच्याच."

पलीकडे जरा वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, "बरं बरं. ते नांदेडचं बिल दुरुस्त झालं का?"

"कालच," म्हटलं.