पांढरीचे मणी आणि लामतुऱ्यांचा संग्रह

येडशीहून ढोकीमार्गे तेरला जाणारा रस्ता माझ्या रोजच्या ओळखीचा. तेर माझे आजोळ. पहिला मोठा पाऊस झाला की आम्ही पोरे पांढरीच्या टेकाडांवर मणी वेचायला पळायचो. माती वाहून गेली की काचेचे आणि दगडाचे मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडत. असा एक डबाभर ऐवज माझ्याजवळ अजून आहे. अभ्यासाला त्याचा फारसा उपयोग नाही. तो का नाही, हे मला तेरच्याच संग्रहालयात उमगले.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असल्याचे म्हटले आहे. इथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जाई. हे तगर म्हणजेच तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडले. गावातले त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचे बौद्ध चैत्यगृह होते, हे त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी दाखवले.

पण पंडितांची चर्चा चालू असताना पांढरीची माती शेतात खत म्हणून जातच होती. तिच्याबरोबर नाणी, दिवे, मातीच्या मूर्तीही जात होत्या. त्या थांबवल्या गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. त्यांनी सापडेल ते जमवले, जपले. खाजगी हौसेतून उभा राहिलेला हा संग्रह इतका मोलाचा ठरला, की ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी १९६० साली 'तेर' हे पुस्तक लिहिले, त्यात त्याची दखल घेतली. पुढे तो शासनाकडे आला आणि लामतुऱ्यांच्याच नावाने गावात संग्रहालय झाले. एका घराची ठेव गावाची झाली, आणि गावातच राहिली.

तिथल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती पाहताना मी दर वेळी रेंगाळतो. पुढचा आणि मागचा भाग दोन साच्यांत काढून जोडलेल्या या मूर्तींची केशरचना आणि दागिने आजही स्पष्ट दिसतात. सर्वांत प्रसिद्ध आहे ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिच्याशी नाते सांगणारी एक मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत मिळाली. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे तिथली मूर्ती त्याआधीचीच, यात शंका उरत नाही. त्याच घडणीची आणखी एक मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खननात निघाली.

इथेच फरक कळतो. उत्खननात मातीचे थर वरून खाली क्रमाने उतरवतात. कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या खापरांच्या आणि नाण्यांच्या सोबतीने मिळाली, याची नोंद होते. वस्तूचा काळ ठरतो तो बहुतेक या सोबतीवरून. पावसाने उघडी पडलेली किंवा नांगराला लागलेली वस्तू ही सोबत सोडून येते. मग तिचा काळ दुसरीकडच्या तिच्या बहिणींवरून ताडावा लागतो. तेरच्या मूर्तीसाठी आपण पाँपेईकडे पाहतो ते यामुळेच.

म्हणून लामतुऱ्यांना दोष द्यायचा का? मुळीच नाही. तेरला शास्त्रीय उत्खनने झाली ती पुढे. तोवर थांबले असते, तर यातले बरेचसे शेतात विरघळून गेले असते. त्यांनी त्यांच्या काळात शक्य होते ते केले. थर आणि सोबत यांचे महत्त्व आपल्याला आज ठाऊक आहे, तेव्हा जबाबदारी आपली अधिक. आपल्या भागात अजूनही कोणाच्या देवघरात, कोणाच्या कणगीमागे अशा वस्तू असतात. त्या कोणत्या शेतात, किती खोल, कोणत्या साली मिळाल्या, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवते आहे तोवर विचारून लिहून ठेवले पाहिजे. नवे काही निघाले, तर ते न हलवता आधी संग्रहालयाला कळवावे.

माझ्या डब्यावर मी परवा चिठ्ठी चिकटवली. लिहिताना हात थांबला. कोट टेकडी की बैराग? शेवटी खरे होते तेवढेच लिहिले: 'तेर. टेकडी आठवत नाही.'