फिरकीची परतफेड

1997 साली, कॉलेजात असताना, मला टेबल टेनिसमधल्या माझ्या सर्व्हिसचा फार अभिमान होता. नेटलगत जाणारी, भरपूर बॅकस्पिन असलेली आखूड सर्व्हिस. मुंबईतल्या एका जिमखान्यात साठी ओलांडलेल्या एका काकांशी गाठ पडली. त्यांनी माझी सर्व्हिस नुसती पुढे सरकवली. हाताची हालचाल पुशची होती, म्हणून मीही पुश केला. चेंडू उडून पार टेबलाबाहेर! चार वेळा हेच झालं.

"काका, तुम्ही केलंत तरी काय?"

"मी काही केलं नाही रे. तुझीच फिरकी तुला परत दिली."

मग त्यांनी बॅट हातात दिली. काळ्या बाजूवर लांब, बारीक रबरी दाणे होते. बोट फिरवलं की दात घासायच्या ब्रशच्या केसांसारखे वाकायचे. त्या संध्याकाळपासून या लांब दाण्यांच्या रबराने, म्हणजे लाँग पिंपलने, मला जे धरलं, ते आजतागायत सोडलेलं नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. 1952 ची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली. तिथे जपानच्या हिरोजी सातोने जाड स्पंजच्या बॅटने पुरुष एकेरी जिंकली आणि बॅटला काय लावलंय, हा प्रश्न खेळाच्या केंद्रस्थानी आला. 1960 च्या दशकात चीनच्या झांग शिएलिनने लांब दाण्यांच्या चॉपने, म्हणजे चेंडू खाली कापत परतवणाऱ्या फटक्याने, भल्याभल्यांना चकवलं. पुढे दोन्ही बाजूंना एकाच रंगाची, पण वेगवेगळ्या गुणांची रबरं लावून बॅट फिरवायची चाल आली. 1986 पासून लाल-काळा रंग सक्तीचा झाला. 2021 पासून लालऐवजी आणखी काही रंग चालतात, काळी बाजू मात्र कायम आहे. 1999 मध्ये दाण्यांची लांबी त्यांच्या जाडीच्या 1.1 पटीपर्यंत मर्यादित झाली आणि 2008 मध्ये घर्षण जवळजवळ नसलेली रबरं बाद झाली.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे वळतो: या रबराने सर्व्हिस घ्यायची कशी?

गुळगुळीत रबर चेंडूला धरतं आणि त्याला नवी फिरकी देतं. लांब दाणे वाकतात, चेंडू त्यांच्यावरून घसरतो आणि मूळ फिरकी बरीचशी टिकून राहते. चेंडूची दिशा मात्र उलटते. म्हणून बॅकस्पिन सर्व्हिस परत जाते ती हलका टॉपस्पिन घेऊन. अशा सर्व्हिसला गुळगुळीत रबराने पुश करताना बॅट बरीच उघडावी लागते, नाहीतर चेंडू नेटमध्ये जातो. लांब दाण्यांना त्याची गरज नाही. बॅट जवळपास उभी ठेवायची आणि चेंडू वर येतानाच ठामपणे पुढे ढकलायचा. चेंडूच्या खालून हात घालायचा मोह टाळायचा.

वेगवान टॉपस्पिन सर्व्हिसला याच्या उलट वागायचं. मनगट सैल, पकड हलकी आणि बॅट किंचित खाली ओढायची. चेंडू बॅकस्पिन घेऊन जातो आणि समोरचा सरळ मारायला गेला की नेटमध्ये अडकतो. साईडस्पिन असेल तर चेंडू बॅटवरून फारसा बाजूला पळत नाही. परत येणारी ती साईडस्पिन सर्व्हिस करणाऱ्यालाच सांभाळावी लागते.

खरी परीक्षा असते बिनफिरकीच्या सर्व्हिसची. हालचाल बॅकस्पिनची, पण चेंडू कोरा. दाण्यांकडे परत द्यायला काहीच नसतं. सवयीने ढकलला तर तो उंच, संथ जातो आणि समोरचा तो ठोकतो. म्हणून जाणकार खेळाडू दाण्यांवर मुद्दाम लांब, कोरी सर्व्हिस टाकतात. यावर माझ्या मते दोनच उत्तरं आहेत. वेळ असेल तर पायांनी सरकून फोरहँडच्या गुळगुळीत रबराने मारावं, नाहीतर हातातल्या हातात बॅट उलटवून बॅकहँडला गुळगुळीत बाजू आणावी. दोन्हींसाठी चेंडू बॅटवरून सुटतानाच ओळखावा लागतो.

म्हणूनच 'लाँग पिंपलवाल्याला फिरकी वाचावी लागत नाही' हा समज मला मान्य नाही. जोरदार फिरकीशी त्याचं भागतं, पण कोऱ्या चेंडूची ओळख त्याला इतरांइतकीच, कदाचित अधिकच लागते. ते काकासुद्धा सर्व्हिसच्या वेळी चेंडूपेक्षा माझ्या मनगटाकडे जास्त बघायचे, हे मला फार उशिरा कळलं.

भारताच्या मनिका बत्राचा खेळ मी याच नजरेने बघतो. बॅकहँडला लांब दाणे आणि रॅली चालू असताना बॅट उलटवण्याची विलक्षण हातोटी. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिने तेव्हा जगात चौथ्या असलेल्या सिंगापूरच्या फेंग तियानवेईला सांघिक अंतिम सामन्यात आणि एकेरीच्या उपांत्य फेरीत, असं दोनदा हरवलं आणि दोन्हीकडे सुवर्ण मिळवलं. त्या सांघिक सुवर्णात आपल्या ठाण्याच्या मधुरिका पाटकरचाही वाटा होता. चीनची डेंग यापिंग बॅकहँडच्या लांब दाण्यांसह 1992 आणि 1996 ला ऑलिम्पिक एकेरी विजेती ठरली. लक्झेंबर्गकडून खेळणारी नी शियालियान तर वयाच्या 61 व्या वर्षी, 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, लांब दाण्यांच्या जोरावर एक सामना जिंकून गेली. हे रबर वापरलं की खेळ संपतो असं म्हणणाऱ्यांनी ही नावं आठवावीत.

तरीही आपल्याकडच्या क्लबांमध्ये लाँग पिंपल म्हटलं की 'फसवाफसवी' हा शब्द ऐकू येतो. मला तो अन्यायाचा वाटतो. सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याला बॅट दाखवावी, असा नियमच आहे. कोणत्या बाजूला दाणे आहेत, ते रंगावरून कळतं. सगळं उघड असताना फसवणूक कसली?

प्रशिक्षकांना माझी एक विनंती आहे. आठवड्यातून अर्धा तास तरी मुलांना लाँग पिंपलसमोर सर्व्हिस करायला लावा. आपण कोणती फिरकी देतो आणि ती कशी परत येते, हे मुलांना त्याइतकं स्वच्छ दुसरं कोणी शिकवणार नाही.