हवेच्या प्रदूषणातील अल्पकालीन चढउतार आणि प्रौढांचे श्वसन व हृदयआरोग्य : मंद्रूप परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
वायुप्रदूषणाची चर्चा बहुधा वार्षिक सरासरीच्या आधारे केली जाते. दीर्घकालीन परिणाम जाणून घेण्यासाठी ती आवश्यकच आहे. तथापि माणूस त्या त्या दिवसाची हवा श्वासावाटे घेतो. एक-दोन दिवसांच्या प्रदूषणवाढीचा प्रौढांच्या फुफ्फुसांवर व हृदयावर कोणता परिणाम होतो आणि मंद्रूपसारख्या ग्रामीण भागात त्याचा अर्थ काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शरीरातील प्रक्रिया :
२.५ मायक्रॉन वा त्याहून कमी व्यासाचे धूलिकण (पीएम २.५) नाकातील व घशातील अडथळे ओलांडून वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे दाह निर्माण होतो. दमा किंवा जुनाट श्वासनलिकादाह असणाऱ्यांच्या वायुनलिका आकुंचन पावतात व धाप वाढते. हा परिणाम फुफ्फुसांपुरता राहत नाही. दाहकारक द्रव्ये रक्तात मिसळतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयगतीचे नियमन करणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचा तोल ढळतो. त्यामुळे ज्याच्या रोहिण्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला हृदयविकाराचा झटका येण्यास काही तासांचे प्रदूषणही निमित्त ठरू शकते.

संशोधनाचा पुरावा :
डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहरावर ५ ते ९ तारखेपर्यंत दाट धुरके साचले. त्या काळात सुमारे ४,००० अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज तेव्हा मांडला गेला. पुढील अभ्यासांनी हा आकडा १२,००० च्या आसपास नेला. परंतु अशा आपत्तीविनाही हानी होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६५२ शहरांच्या अभ्यासात, पीएम २.५ ची दोन दिवसांची सरासरी दर घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढली असता दैनंदिन मृत्यूंत ०.६८ टक्के, हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणाऱ्या मृत्यूंत ०.५५ टक्के आणि श्वसनविकारांमुळे होणाऱ्या मृत्यूंत ०.७४ टक्के वाढ आढळली. मुंबई व पुण्यासह भारतातील दहा शहरांच्या २०२४ मधील अभ्यासात तेवढ्याच वाढीमागे एकूण मृत्यूंत १.४२ टक्के वाढ दिसली. व्यक्तीच्या दृष्टीने ही जोखीम अल्प असली, तरी संपूर्ण लोकसंख्येच्या बाबतीत ती मोठी ठरते.

निर्देशांकाची मर्यादा :
२००९ च्या भारतीय मानकांनुसार पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचविली. आपल्या हवा गुणवत्ता निर्देशांकात ३० पर्यंतची हवा 'चांगली' या वर्गात मोडते. म्हणजे 'चांगल्या' दिवशीही हवेत संघटनेच्या मर्यादेच्या दुप्पट धूलिकण असू शकतात. उपरोक्त भारतीय अभ्यासात कमी प्रदूषणाच्या पातळीवरही मृत्यूंतील वाढ स्पष्ट दिसली, ही बाब येथे लक्षणीय आहे.

मंद्रूप परिसर :
सोलापूर शहराचा समावेश २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात झाला. तथापि शहरातील मापन केंद्राचा आकडा सोलापूर-विजयपूर महामार्गावरील मंद्रूपला जसाच्या तसा लागू करता येत नाही. येथील चढउतारांची कारणे वेगळी आहेत : जड वाहनांचा धूर व रस्त्यावरची धूळ, गळीत हंगामात शेतात पेटविले जाणारे उसाचे पाचट, चुलीचा धूर आणि दिवाळीचे फटाके. हिवाळ्यात रात्री तापमानाच्या विपरीततेमुळे जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही. परिणामी पहाटे धूर खालीच तरंगत राहतो. आरोग्यासाठी फिरावयास जाणारे अनेक प्रौढ नेमके याच वेळी बाहेर पडतात. व्यायामात श्वासोच्छ्वास वाढतो व तोंडाने श्वास घेतला जातो, त्यामुळे अधिक कण आत जातात.

निष्कर्ष :
अल्पकालीन प्रदूषणवाढ ही ज्येष्ठ, दमेकरी व हृदयरुग्णांसाठी प्रत्यक्ष जोखीम आहे. अशा व्यक्तींनी धुरकट दिवशी ऊन वर आल्यानंतर व महामार्गापासून दूर फिरावे आणि नियमित औषधे चुकवू नयेत. छातीत दुखणे किंवा अचानक धाप लागणे हे लक्षण 'धुरामुळे' म्हणून दुर्लक्षित न करता तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. पाचट न जाळता सरीत कुजविल्यास जमिनीला सेंद्रिय द्रव्य मिळते आणि धुराचा एक स्रोतही थांबतो. महाविद्यालयांच्या भूगोल, रसायनशास्त्र व राष्ट्रीय सेवा योजना विभागांनी हंगामनिहाय धूलिकणांच्या नोंदी ठेवल्यास ग्रामीण भागातील ही अदृश्य जोखीम मोजता येईल; मोजल्याविना तिच्यावर उपाययोजना करणे कठीण आहे.